आत्याबाईंचं नाक

आमच्या आत्याबाई माणसाचा आधी वास घ्यायच्या आणि मग नाव विचारायच्या. पाहुणा असो, तलाठी असो, नाहीतर मतं मागायला आलेला पुढारी असो. दारात उभं राहायचं, आत्याबाई जवळ यायच्या, मान जराशी पुढे काढून हुंगायच्या आणि मग म्हणायच्या, "या" किंवा "हितंच बसा." 'हितंच' म्हणजे ओट्यावर. ज्याला ओट्यावर बसवलं त्याने मागच्या परसात, मधमाश्यांच्या पेट्यांकडे फिरकायचं नाही. एकदा एका साहेबाला त्यांनी पाऊण तास ओट्यावर बसवून ठेवलं होतं, कारण त्याच्या अंगाला अत्तराचा वास येत होता. साहेब चिडले. आत्याबाई म्हणाल्या, "सायेब, म्या तुमाला आत सोडीन, पर त्या सोडणार न्हाईत."

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. मी लातूरची. आमच्या लातुरात लेकरू चालायला लागलं की शिकवणीला जातं, तशीच मीही शिकून-सवरून, शेतीची पदवी घेऊन, किनवटच्या रानाला लागून असलेल्या इस्लापूरला नांदायला आले. उंबऱ्यावर उभी होते, मागे वऱ्हाड, पुढे ओवाळणीचं ताट, आणि सासूबाईंनी काय करावं? माझं मनगट धरलं, नाकाशी नेलं आणि सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "मोगरा माळलाय. अन् भेलेली बी हाय. भेलेल्या माणसाला माश्या पयल्या चावत्यात. आज परसात न्हाई जायचं." मला धरणी दुभंगावी असं झालं. नवऱ्याकडे, म्हणजे मिलिंदकडे बघितलं तर ते गालातल्या गालात हसत होते. त्या दिवसापासून मी त्यांची 'लातूरवाली' झाले. माझं नाव त्यांनी अखेरपर्यंत घेतलं नाही.

या घराला मधाचा नाद तीन पिढ्यांचा. आत्याबाईंचे सासरे सहस्रकुंडाच्या बाजूच्या कड्यांवर दोर सोडून आग्या मोहोळ झाडायचे. त्यांच्या अंगावर म्हणे डंखांना जागा उरली नव्हती. मोहोळ झाडताना पोळ्याचा एक तुकडा माश्यांसाठी मागे ठेवायचा, ही त्यांची शिस्त. आत्याबाईंचे मालक तरणेपणी गेले, तेव्हा मिलिंद मांडीवर होते. दोराला लटकणं बाईमाणसाला कोण करू देतंय! मग आत्याबाईंनी रानातल्या ढोलीतल्या, कमी डसणाऱ्या सातेरी माश्या मडक्यात आणून परसात वाढवल्या. पुढे मिलिंदनी शिबिरात जाऊन लाकडी पेट्या आणल्या. आत्याबाईंनी आठ दिवस त्या पेट्यांकडे पाठ फिरवली. नवव्या दिवशी एक पेटी हुंगली आणि म्हणाल्या, "लाकूड सागाचं न्हाई, पर चालंल." म्हातारी हट्टी होती, पण हट्ट सोडायची रीतही तिला ठाऊक होती.

घरातला सगळ्यात कडक कायदा केळ्याचा. पेट्या उघडायच्या दिवशी घरात कुणी केळं खायचं नाही. आता नांदेड जिल्ह्यात राहून केळं खायचं नाही म्हणजे काय! अर्धापूरची केळी गल्लोगल्ली गाड्यावर. पण आत्याबाई सांगायच्या, "माशी डसली की केळ्यावानी वास सुटतो. त्या वासावर बाकीच्या धावून येत्यात. तू केळं खाऊन गेलीस म्हंजी त्यायला वाटतंय, आपली एक मेली, आता ह्याला सोडायचं न्हाई." मी पुस्तकात पडताळून पाहिलं. अक्षरशः खरं निघालं! एकदा मिलिंदनी हिमायतनगरच्या स्टँडवर केळं खाल्लं, दोनदा चूळ भरली, वरून बडीशेप चघळली, आणि तरी दारात पकडले गेले. पन्नाशीकडे झुकलेला माणूस आईपुढे तोंड उघडून उभा, हे दृश्य मी विसरणार नाही.

पेट्या भाड्याने द्यायची कल्पना माझी. कांद्याचं बी धरणारे, करडई-सूर्यफूल करणारे शेतकरी फुलोऱ्याच्या दिवसांत माश्या मागतात. माश्या फिरल्या की दाणा भरतो. मधाचा भाव आज एक, उद्या एक. पेट्या फिरवल्या तर घराला वर्षभर आधार राहील, असं मी मांडलं. आत्याबाई उसळल्या. "माश्या काय बैलं हायेत व्हय, भाड्यानं द्याया?" चार महिने घरात धुसफूस. मीही काही कमी नाही. एक दिवस भाकरी थापता थापता बोलून गेले, "आत्याबाई, तुमच्या सासऱ्यांनी दोर धरला, तुम्ही मडकं धरलं, ह्यांनी पेटी धरली. मी टेम्पो धरला तर आभाळ कोसळणार आहे का?" त्यांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाल्या, "धर. पर पेट्या कंच्या रानात ठिवायच्या ते मी हुंगून सांगणार. माझ्या नाकाबिगर एक पेटी टेकणार न्हाई."

तसंच ठरलं आणि तसंच चाललं. रानात पोचलो की टेम्पो उभा करायचा, आत्याबाई बांधावरून एकट्या आत जायच्या, उकिडवं बसून एक फूल चुरगाळायच्या, हुंगायच्या. औषधाची फवारणी झालेली असली तर नुसता हात हलवायच्या आणि आम्ही भरलेला टेम्पो घेऊन माघारी. मालक गयावया करायचा, "आजी, महिना झाला फवारून!" आत्याबाईंचं उत्तर ठरलेलं, "माणूस खोटं बोलतो, वास खोटं बोलत न्हाई." शेतकऱ्याला फवारणीबद्दल विचारायचंच नाही, ही त्यातूनच पडलेली रीत. विचारलं तर आत्याबाईंच्या नाकावर भरवसा नाही असा अर्थ व्हायचा. पाच वर्षांत त्यांचं नाक एकदाही चुकलं नाही.

मग ते तापाचं साल आलं. घरोघर माणसं पडली. आम्ही तिघंही पडलो, तिघांनाही वास यायचा बंद झाला. माझं आणि मिलिंदचं नाक महिन्याभरात परत आलं. आत्याबाईंनाही कुणीतरी विचारलं, तर त्या म्हणाल्या, "हाव, आलं की. येनार न्हाई तर जाईल कुठं?"

पण माझ्या मनात पाल चुकचुकली. एका सकाळी दूध उतू जाऊन करपलं, घरभर वास, आणि आत्याबाई चुलीशेजारी बसून शांतपणे तूर निवडत होत्या. मी धावत आले तेव्हा त्यांनी वर बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि मग म्हणाल्या, "तेच म्हणून राहिले मी, कशाचा वास हाय ह्यो." पुढे पुढे त्यांनी एक नवीच युक्ती काढली. मध गाळताना मलाच विचारायच्या, "सांग बरं लातूरवाले, कशाचा हाय? बगू तुला किती येतंय." मी म्हणायचे, करडईचा. त्या मान डोलवायच्या, "शिकलीस." आधी मला कौतुक वाटलं. मग भीती वाटायला लागली.

शेवटी राहवेना म्हणून मी एक चावटपणा केला. पेट्या उघडायच्या दिवशी, न्हाणीत लपून, एक चांगलं पिकलेलं केळं खाल्लं. सालीचा वास हातालाही लागू दिला. आणि गेले आत्याबाईंच्या पुढ्यात. त्यांनी नेहमीसारखी मान पुढे काढली. हुंगलं. मनातल्या मनात मी विनवत होते, ओरडा, आत्याबाई, झिंज्या धरा माझ्या, पण ओळखा! त्या म्हणाल्या, "जा."

त्या दिवशी मला अकरा डंख बसले. तोंड भाकरीसारखं फुगलं. मिलिंद विचारत राहिले, असं कसं झालं, आणि आत्याबाई माझ्या गालाला हळद लावत माझ्या डोळ्यांत बघत राहिल्या. त्यांना संशय आला असेल का? असेलही. पण त्या बोलल्या नाहीत आणि मीही बोलले नाही.

मी का बोलले नाही, हे मला लोकांनी पुष्कळदा विचारलंय, आणि मी स्वतःला त्याहून जास्त. बोलले असते तर त्या बाईकडे काय उरलं असतं? धंदा माझ्या हातात आला होता, टेम्पो मिलिंदच्या, हिशेबाचा फोनही माझ्याच. त्यांच्याकडे एक नाक होतं. ते मीच कापून हातात द्यायचं? माझ्याच्याने झालं नाही. त्याऐवजी मी चोरून एक वाट काढली. पेट्या न्यायच्या आदल्या दिवशी शेतकऱ्याला गुपचूप फोन करायचा, "काका, फवारलं तर नाही ना?" फवारलेलं असलं तर काहीतरी निमित्त काढून जायचंच टाळायचं. दोन वर्षं असं निभावलं. बांधावर आत्याबाई रुबाबात फूल चुरगाळायच्या आणि म्हणायच्या, "ठिवा," आणि मी सुटकेचा श्वास सोडायचे. वाटायचं, चाललंय ते चालू द्यावं, झाकली मूठ सव्वा लाखाची.

लोह्याकडचं रान मिलिंदनी ऐन वेळी ठरवलं. ज्याच्याकडे जायचं होतं त्याने आदल्या दिवशी नाही म्हटलं, आणि दुसऱ्या कुणाच्या तरी ओळखीने नामदेवराव नावाचे कांद्याचं बी धरणारे शेतकरी मिळाले. दिवेलागणीला माश्या आत आल्या, पेट्यांची दारं बंद केली, चाळीस पेट्या चढवल्या. वाटेत मी चारदा फोन लावला. लागला नाही. म्हटलं, पोचल्यावर बघू.

पहाटे पोचलो. कांद्याचे पांढरे गोंडे गुडघ्याच्या वर आलेले, लांबच लांब. नामदेवराव चहाची किटली घेऊन बांधावर उभे. साधा माणूस. मी त्यांच्याकडे निघाले, प्रश्न अगदी ओठांवर होता. पण आत्याबाई मध्येच उभ्या. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी जागच्या जागी थांबले. नवख्या माणसासमोर, लेकासमोर, विचारायचं म्हणजे त्यांची इज्जत बांधावर मांडायची. मी प्रश्न गिळला. वाऱ्याची झुळूक आली तेव्हा मला काहीतरी उग्र, औषधाच्या बाटलीच्या बुचाला असतो तसा वास आल्यासारखं वाटलं. मीच माझी समजूत घातली, टेम्पोच्या डिझेलचा असेल. आत्याबाई आत गेल्या. उकिडव्या बसल्या. गोंडा चुरगाळला, नाकाशी धरला. नेहमीपेक्षा जास्त वेळ धरला.

"ठिवा," त्या म्हणाल्या.

उजाडल्यावर दारं उघडली. माश्या सुसाट सुटल्या. नामदेवराव खूश, मिलिंद खूश. मी बांधावर बसून नुसती पेट्यांच्या दारांकडे बघत होते, चहा तसाच गार झाला. नऊ वाजले, काही नाही. दहा वाजले, काही नाही. मला वाटलं, आपण उगीच भितो. अकराच्या सुमाराला पहिल्या पेटीच्या फळीवर एक माशी उताणी पडून गरगर फिरताना दिसली. मग दुसरी. मग मोजणं संपलं. बाहेरून येणाऱ्या माश्या दारापर्यंत पोचायच्या, थरथरायच्या आणि खाली पडायच्या, जिभा बाहेर आलेल्या. पेट्यांपुढे ढीग व्हायला लागले.

"दारं लावा!" मी ओरडले. मिलिंद म्हणाले, "येडी झालीस का? निम्म्या बाहेर हायेत!" खरं होतं. दारं लावली तर बाहेरच्या सगळ्या मरणार, उघडी ठेवली तर त्या विष आत नेऊन राणीसकट पेटीच मारणार. मी लावायला सुरुवात केली. एकेक दार लावताना बाहेरच्या माश्या माझ्या हातांवर येऊन बसत होत्या, आत घ्या म्हणून. तो स्पर्श अजून माझ्या बोटांवर आहे.

नामदेवराव पळत आले. "अरे देवा! परवाच औषध मारलं होतं की मी फुलकिड्याचं. दुकानवाला म्हणला काही होत न्हाई. तुम्ही विचारलंच न्हाई की ओ! विचारलं असतं तर सांगितलं असतं!"

मिलिंदनी त्यांची गचांडी धरली. "खोटं बोलू नका! माझ्या आईनं हुंगलंय रान. माझी आई चुकत नसती!" नामदेवरावांचा लेक खोऱ्याचा दांडा घेऊन धावला. मी मध्ये पडायला गेले तर मिलिंदनी मला ढकललं. आता एकमेकांची डोकी फुटणार, एवढंच बाकी होतं.

"मिलिंद, सोड त्यायला."

आत्याबाई ओरडल्या नव्हत्या, पण सगळे थांबले. त्या पेट्यांपाशी मातीत बसल्या होत्या, पदरात मूठभर मेलेल्या माश्या. "माझ्या नाकाला दोन साल झाले काईच येऊन नाही राहिलं. तापात गेलं ते गेलं. म्या ठिवा म्हणलं ते नुस्तं तोंडानं म्हणलं. ह्यो माणूस खरा हाय. खोटी मी हाय."

मिलिंदचा हात खाली आला. मला गप्प बसता आलं असतं. पण ती म्हातारी चारचौघांत एकटीच मातीत बसलेली मला बघवेना. मी म्हणाले, "मला माहीत होतं."

आत्याबाईंनी वर बघितलं. "कवापासून?"

"केळं खाऊन तुमच्यापुढं उभी राहिले त्या दिवसापासून."

"मग बोलली कामून न्हाईस?"

"तुम्ही का नाही बोललात?"

आत्याबाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. "गोणपाटं भिजव," म्हणाल्या. "आतल्या तरी वाचल्या पायजेत." भर उन्हात बंद पेट्या आतून तापू नयेत म्हणून आम्ही चौघांनी, हो, नामदेवरावांनीसुद्धा, पेट्यांवर ओली गोणपाटं टाकली, दिवसभर पाणी मारत राहिलो. संध्याकाळी चाळीसपैकी चौदा पेट्यांतून गुणगुण ऐकू आली. सव्वीस पेट्या मुक्या होत्या.

नंतरचे दिवस वाईट गेले. मिलिंद आईशी बोलेनात, माझ्याशी तर त्याहून बोलेनात. त्यांचंही बरोबर होतं. दोन बायकांनी मिळून त्यांना फसवलं होतं. पौर्णिमेला विहारात वंदनेला तिघं तीन कोपऱ्यांत बसलो. मला वाटलं, धंदा संपला, घरही बहुतेक संपलं.

एका सकाळी आत्याबाई चपला घालून दारात उभ्या. "चल, लातूरवाले."

"कुठं?"

"विचाराया."

आणि ती बाई, जिने जन्मभर माणसाच्या तोंडावर विश्वास ठेवला नव्हता, ती गावोगाव विचारत फिरायला लागली. औषधाच्या दुकानात जाऊन विचारायची, कोण काय घेऊन गेलं. बांधावर जाऊन विचारायची, "मालक, खरं सांगा, कवा मारलं? तुमच्या शेजाऱ्यानं कवा मारलं?" लोक सांगायचे! चहा पाजून सांगायचे. आत्याबाईंना त्याचं नवल वाटायचं. "इतकं सोपं असतंय व्हय ग विचारणं?" येताना एस. टी.त मला म्हणाल्या, "म्या उगीच समद्यायला खोटारडं समजले." पुढे शेतकरी फवारायच्या आदल्या दिवशी फोनवर आवाज पाठवायला लागले. आत्याबाई फोन कानाला घट्ट लावून तो आवाज दोन-दोनदा ऐकायच्या, आणि समोर कुणी नसताना "हाव, हाव" म्हणायच्या. पहिला असा निरोप नामदेवरावांचा आला होता. चौदा पेट्यांच्या पुन्हा चाळीस झाल्या. मिलिंद बोलायला लागले, आधी आईशी, मग माझ्याशी.

एक गोष्ट मात्र बंद झाली. आत्याबाईंनी दारात कुणाला हुंगणं सोडलं. "या, बसा," म्हणायच्या सगळ्यांना. कुणी अत्तर लावून आलं तरी "या." मला ते सोसायचं नाही. किती रागावले होते मी त्या हुंगण्यावर, आणि आता दारात उगाच घुटमळायचे.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं. नांदेडच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं, म्हणजे काय ते आम्हाला कळलं. नेमका तेव्हाच निलंग्याकडे सूर्यफूल फुलोऱ्यात आलं, शब्द दिलेला होता. मिलिंदना आईपासून हलता येत नव्हतं. चाळीस पेट्या घेऊन मला एकटीलाच जायचं होतं, भाड्याचा ड्रायव्हर घेऊन. शेतकऱ्याला, त्याच्या शेजाऱ्यांना, दुकानदाराला, सगळ्यांना विचारून झालं होतं. तरी लोह्याची ती सकाळ डोळ्यांपुढून हलेना. पेट्या बांधताना दोराची गाठ तीनदा सुटली.

निघताना आत गेले. आत्याबाईंनी हाताने खूण केली, जवळ ये. माझं मनगट धरलं, लग्नाच्या दिवशी धरलं होतं तसंच. नाकाशी नेलं आणि हुंगलं. कितीतरी वेळ हुंगलं.

"काय वास येतोय, आत्याबाई?" मी विचारलं.

"आता न्हाई भेत तू," त्या म्हणाल्या. "जा."

त्यांना कसलाच वास येत नव्हता, हे मला ठाऊक होतं. आणि माझी नाडी त्यांच्या बोटांखाली धाडधाड उडत होती, ती त्यांना कळली नसेल असं शक्यच नाही. मी हो म्हणाले आणि पदर खोचून बाहेर आले.

तिसऱ्या दिवशी सूर्यफुलात पेट्या गुणगुणत असताना मिलिंदचा फोन आला. आत्याबाई गेल्या होत्या. मी तिथेच बांधावर बसून मोठ्याने रडले, आणि रडतानाही एक डोळा पेट्यांच्या दारांवर होता.

आपल्या नाकाबद्दल ती बाई दोनदा खोटं बोलली, एकदा सलग दोन वर्षं आणि एकदा अंथरुणावरून. पहिल्या वेळी मी गप्प बसले आणि सव्वीस पेट्या गेल्या. दुसऱ्या वेळीही गप्पच बसले, आणि चाळीस पेट्या घेऊन निघाले.